साठ-पंचावन्न

आमच्या गाडीचे दिवे लागलेत की नाही हे बघायला गेलं वर्षभर मी दर वेळी इंजिन चालू ठेवून खाली उतरत होतो. पुढे जायचं, वाकायचं, दिवा डोळ्यांत घुसला की "लागलाय" म्हणायचं आणि परत येऊन बसायचं. बायको मांडीवर पर्स घेऊन शांतपणे सांगायची, "अहो, लागलेत. मला समोरच्या भिंतीवर दिसतायत." पण भिंतीवरच्या उजेडावर माझा विश्वास नव्हता. तो उजेड मला कसा दिसायचा, तर लग्नाच्या पंगतीत शेवटच्या माणसाला वाढलेल्या मठ्ठ्यासारखा. नाव मठ्ठ्याचं, बाकी पाणी.

दिव्यांचा हा संशय आमच्या घराण्यातच आहे. वडिलांच्या स्कूटरला बॅटरी नव्हती. दिवा थेट मॅग्नेटोवर चालायचा, म्हणजे इंजिन जितकं जोरात फिरेल तितका उजेड. पुढे काहीतरी काळं दिसतंय, ते खड्डा आहे की म्हैस हे कळावं म्हणून वडील वेग कमी करत, आणि वेग कमी झाला की दिवाही मंदावे. म्हैस नीट बघायची तर तिच्या अंगावर जोरात जायला हवं. यावर उपाय म्हणून वडील क्लच दाबून जागच्या जागी अॅक्सिलरेटर पिळत. स्कूटर बोंबलायची, दिवा भडकायचा, म्हैस उजळून निघायची आणि वडील तिला "हो बाजूला" म्हणायचे. एकदा मागचा लाल दिवा उडाला. त्याच्या वाटची वीजही पुढच्याला मिळू लागली आणि दोन दिवसांत तोही उडाला. त्यानंतर ऑफिसात कुणाची बदली होऊन त्याच्या फायली वडिलांच्या टेबलावर आल्या, की ते घरी येऊन एवढंच सांगत, "आज मागचा दिवा गेला."

तर मी मेस्त्रीकडे गेलो. म्हटलं, उजेड वाढवून पाहिजे.

"कितीचा आहे?"

"२०१२ची."

"गाडी नाही साहेब, बल्ब. साठ-पंचावन्नच असणार."

मी दचकलो. त्याच महिन्यात मला साठ पूर्ण झाली होती आणि बायको पंचावन्नची. आमची वयं याला कशी कळली? मग त्याने समजावलं की या बल्बात दोन तारा असतात. अप्परची ६० वॅटची, डिप्परची ५५. दोघी एकाच काचेत राहतात, एकीला पेटवलं की दुसरी गप्प बसते. म्हणजे आमच्यावर बेतलेलंच होतं, फक्त आमच्याकडे गप्प कोण बसतं हे सांगायची गरज नाही.

मेस्त्रीने दिवे लावले, पुढे उभा राहिला आणि निकाल दिला. "बल्बला काही झालेलं नाही. काच पिवळी पडलीय. उन्हाने प्लास्टिक मरतं. पॉलिश पेपरने घासून देतो, तीनशे रुपये."

तीनशे रुपयांत माझा प्रश्न सुटावा याचा मला अपमान वाटला. वर्षभराची तक्रार आणि इलाज काय, तर घासणे! मी "बघतो" म्हणालो. मराठीत "बघतो" म्हणजे काय हे त्यालाही माहीत होतं.

घरी मेव्हणा आलेला होता. माझ्या आयुष्यातले बहुतेक खर्च याच्या एका वाक्याने सुरू झालेले आहेत. "भावोजी, सरळ शंभर-नव्वद टाका."

नाना पेठेत शंभर-नव्वद मागितला तर दुकानदाराने मान वर न करता दोन खोकी पुढे सारली. खोक्यावर एक गाडी डोंगरावर उभी होती आणि तिच्या दिव्यांचा झोत थेट चंद्रापर्यंत गेलेला होता. तळाला मुंगीच्या अक्षरात "ऑफ रोड यूज ओन्ली" छापलेलं. म्हणजे सार्वजनिक रस्त्यावर चालणार नाही, नियमात बसतो तो साठ-पंचावन्नच. मी आमच्या सोसायटीसमोरचा रस्ता डोळ्यांसमोर आणला. तीन वेळा खणलेला, दोन वेळा बुजवलेला. म्हटलं, नियमाचं उल्लंघन होत नाही.

बल्ब मीच बसवला. खोक्यावर काचेला हात लावू नका असं चित्रही होतं, पण मी समोर चिवड्याची ताटली घेऊन बसलो होतो. मागाहून कळलं की ही सूचना सोवळ्यातल्या आजीइतकीच गंभीर असते. आतली टंगस्टनची तार २,८०० अंशांच्या आसपास तापते. ३,४२२ अंशांवर ती वितळतेच, म्हणजे मृत्यूच्या उंबरठ्यावर बसून ती आपल्याला खड्डे दाखवत असते. या तापात टंगस्टनचे कण उडत राहतात. साध्या बल्बात ते काचेवर काजळीसारखे बसतात. हॅलोजन बल्बातला वायू त्यांना गाठतो आणि परत तारेपाशी नेऊन सोडतो, एखाद्या पतपेढीच्या वसुली अधिकाऱ्यासारखा. पण हे होण्यासाठी काचही अडीचशे अंशांच्या वर तापलेली लागते. अशा काचेवर बोटाचं तेल लागलं की तिथे ती जास्त तापते, कमकुवत होते आणि एक दिवस बल्ब जातो. माझा डावीकडचा तीन आठवड्यांत गेला. त्यावर चिवड्याचा हात जास्त पडला होता.

उजवीकडचा टिकला, तेच वाईट झालं. साध्या हॅलोजनचं म्हणजे असं आहे की तुम्ही शंभर रुपयांची वीज दिलीत तर पाचेक रुपयांचा उजेड मिळतो आणि उरलेल्याचा शेक. हा पाचाचा दर काही वाढत नाही. साठाचे शंभर वॅट केले की मुख्यतः शेकच वाढतो. शिवाय १२ व्होल्टवर ६० वॅटला ५ अँपिअर प्रवाह लागतो आणि १०० वॅटला सव्वाआठच्या वर. प्रवाह पावणेदोनपटसुद्धा होत नाही, पण वायरीतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणजे पावणेतीनपट. पगारवाढीनंतर खर्चाचं जे होतं तेच. वायर मात्र जुन्या पगारातलीच, बारीक. आणि होल्डर प्लास्टिकचा.

सातारा रस्त्यावर बायको म्हणाली, "काहीतरी जळतंय."

"पुढच्या ट्रकचा क्लच असेल."

हे उत्तर प्रत्येक मराठी नवऱ्याच्या जिभेवर तयार असतं. घाटात तर ते बहुतेक वेळा खरंही ठरतं. पण इथे घाट नव्हता, आणि पुढे ट्रकही नव्हता. कुकरची रबरी रिंग जळावी तसा वास होता. बॉनेट उघडलं तेव्हा होल्डर मऊ पडून बल्बाला मिठी मारून बसला होता. तो सोडवायला मेस्त्रीला स्क्रू ड्रायव्हर आणि दोन शिव्या लागल्या. दिव्यातल्या आरशावरचा चकचकीत मुलामाही वरच्या अंगाने करपला होता. "रिलेशिवाय शंभर-नव्वद टाकतात का कुणी?" तो म्हणाला. रिले म्हणजे मोठ्या साहेबांचा शिपाई. स्टिअरिंगजवळच्या नाजूक बटणाने फक्त चिठ्ठी द्यायची, बॅटरीकडून जाड वायरीने खरा माल आणून पोचवायचं काम शिपायाचं. मी चिठ्ठी देणाऱ्यालाच पोती उचलायला लावली होती. "काच घासून देऊ?" त्याने पुन्हा विचारलं. आता तर घासणं शक्यच नव्हतं. एवढं नुकसान झाल्यावर तीनशे रुपयांनी काम झालं असतं तर मी स्वतःला तोंड कसं दाखवलं असतं?

मेव्हण्याचा फोन आला. "भावोजी, हॅलोजन आता कोण वापरतं? एलईडी टाका. तापतच नाही. थंड प्रकाश."

थंड प्रकाश हे शब्द मी पुढे तीन महिने उशाशी घेऊन झोपलो.

एलईडीच्या खोक्यावर ३०० वॅट लिहिलं होतं, २०,००० लुमेन लिहिलं होतं आणि ६,५०० केल्व्हिन, कूल व्हाइट. यातले वॅट गाडीत मोजले तर तीसेक भरतात. लुमेनचं म्हणाल तर साठ-पंचावन्नचा बल्ब अप्परला १,६५० आणि डिप्परला १,००० देतो, त्यावरून हे २०,००० गावजेवणाच्या अंदाजासारखे ठोकलेले आहेत हे कळतं. पण मला आवडला तो केल्व्हिनचा आकडा. सूर्याचा पृष्ठभाग साधारण ५,८०० केल्व्हिन. म्हणजे सूर्यापेक्षा तापलेल्या रंगाला दुकानदार "कूल" म्हणतात आणि चुलीतल्या निखाऱ्याच्या रंगाला "वॉर्म". ज्याने ही नावं ठेवली त्याने बहुधा सुनेच्या स्वभावाबद्दल सासूला विचारून ठेवली असावीत.

आणि थंड? झोत थंड असतो हे खरं. एलईडीसमोर हात धरा, काही होत नाही. पण ताप कुठे गेला म्हणून बल्बाची पाठ बघावी. तिथे अॅल्युमिनियमची बिस्किटं रचल्यासारख्या पात्या, त्यांच्या मागे नखाएवढा पंखा. हॅलोजन आपला ताप काचेतून पुढे फेकतो आणि मोकळा होतो. एलईडीतला तांदळाच्या कणीएवढा तुकडा मात्र दिलेल्या विजेतली निम्म्याहून जास्त उष्णतेत घालवतो आणि ती सगळी मागे ढकलतो. तो स्वतः तापला की मंदावतो, साधारण दीडशे अंशांच्या पुढे तर संपतोच. २,८०० अंशांत सुखाने बसणारी ती तार आणि दीडशेला घाम फुटणारा हा. पुढच्या पिढीबद्दल मी काही बोलत नाही, पण पंखा लागतो एवढं खरं.

पंखा म्हटला की हवा हवी. आमच्या दिव्याच्या पाठीला रबरी टोपी होती, पाणी आत जाऊ नये म्हणून. दुकानातल्या मुलाने ब्लेड घेतलं आणि टोपीला भोक पाडलं. "आता मस्त हवा लागेल, काका." पंख्याला हवा लागली. पावसाला वाट मिळाली. ते पुढे येईलच.

"सेटच घ्या ना," मुलगा म्हणाला. "इंडिकेटरपण एलईडी." घेतला. बसवल्यावर इंडिकेटर लावला तर तो वेड्यासारखा फडफडू लागला. कारण इंडिकेटरच्या जुन्या बल्बाला २१ वॅट लागतात आणि हा नवा तीन वॅटात भागवतो. एवढा कमी प्रवाह बघून गाडीला वाटतं की बल्बच उडालाय, आणि ती घाईघाईने चमकून मालकाला सांगू लागते. आमच्या घरात कुणी एक पोळी कमी खाल्ली की बायको थर्मामीटर आणते, तसंच हे.

"सोपं आहे," म्हणत मुलाने सोनेरी अॅल्युमिनियमच्या दोन वड्या काढल्या. रेझिस्टर. वर छापलेलं ५० वॅट, ६ ओहम. प्रत्येक बाजूच्या वायरीला एकेक जोडला आणि बंपरच्या आतल्या प्लास्टिकला पट्टीने बांधला. इंडिकेटर शहाण्यासारखा चमकू लागला. मी खूश होऊन पैसे दिले. मी आयुष्यभर बँकेत हिशेब तपासले, पण हा हिशेब मी घरी येऊन केला. १२ व्होल्टला ६ ओहम म्हणजे २ अँपिअर, म्हणजे २४ वॅट. इंजिन चालू असलं की व्होल्टेज चौदाच्या आसपास जातं, तेव्हा बत्तीसच्या वर. २१ वॅटचा बल्ब काढून ३ वॅटचा घातला, वाचले १८, आणि ते वाचवल्याचं गाडीला कळू नये म्हणून मी २४ वॅट जाळणारी वस्तू विकत आणली. थोडक्यात, जुना बल्बच परत बसवला होता, फक्त उजेड न देणारा. आणि तो जुन्यापेक्षा महाग होता.

गणपतीला आम्ही निघालो. कऱ्हाडवरून मलकापूर आणि मग आंबा घाट. मलकापूरपासूनच समोरची प्रत्येक गाडी मला डिप्पर देऊ लागली. मला वाटलं, भाद्रपद आहे, कोकणात निघालेली माणसं एकमेकांना ओळख देतायत. मी हात हलवत होतो. एका दुचाकीवाल्याने पंजा उघडून-मिटून खूण केली. ही खूण आपल्याकडे जुनी आहे, दिवसा दिवा चालू राहिलेल्याला सांगायची. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाक्यांचा दिवा इंजिनाबरोबरच लागतो, बंद करायची सोयच नसते, तरी आजही भर दुपारी त्यांना पंजा दाखवणारे परोपकारी आहेत. पण ही रात्र होती. पंजाच्या पाठोपाठ जे ऐकू आलं त्यात माझ्या आईचा उल्लेख होता.

कारण साधं आहे. हॅलोजनमधल्या डिप्परच्या तारेखाली पत्र्याची एक चिमुकली वाटी असते. ती खालचा उजेड अडवते, म्हणजे समोरच्याच्या डोळ्यांत जाणारा. आरसा त्या तारेच्या जागेवर मिलिमीटरने बेतलेला असतो. तिथे दोन अंगांना चिप लावलेली पट्टी खुपसली की आरशाला कळतच नाही काय करावं. तो मिळेल तिकडे उजेड फेकतो. झाडांच्या शेंड्यांवर, समोरच्याच्या डोळ्यांत, आंबा घाटातल्या माकडांवर. रस्ता सोडून सगळं उजळलेलं होतं.

मग पाऊस आला, आणि पावसाबरोबर धुकं. पांढऱ्याशुभ्र झोतासमोर पांढरंशुभ्र धुकं, म्हणजे कोऱ्या कागदावर खडूने लिहिल्यासारखं. त्यात दिव्यांच्या काचा आतून घामेजल्या. टोपीच्या भोकातून ओल आत गेली होती आणि तिला सुकवायला कुणी नव्हतं. तेव्हा मला त्या पंचाण्णव रुपयांच्या शेकाची किंमत कळली. हॅलोजन निव्वळ वाया घालवतो असं आपण म्हणतो, पण तो दिव्याचं आतलं अंग कोरडं ठेवतो. आमच्या गावच्या घरात पावसाळ्यात कपड्यांच्या कपाटात बल्ब लावून ठेवत. पोल्ट्रीत पिल्लं बल्बाखाली गर्दी करून बसतात, उजेडात वाचायला नव्हे. अमेरिकेतल्या थंड राज्यांत सिग्नलचे बल्ब काढून एलईडी लावले तेव्हा वादळात काचांवर बर्फ साचून राहिला आणि माणसं पाठवून तो खरवडावा लागला. जुने बल्ब हे काम न सांगता करत होते. असे लोक रिटायर झाल्यावरच लक्षात येतात, हे मी गेल्या काही महिन्यांच्या अनुभवावरून सांगू शकतो.

धुक्यात मी चारही इंडिकेटर लावले. लावू नयेत म्हणतात, चालत्या गाडीने ते लावले की मागच्याला आपण थांबलोय की वळतोय ते कळत नाही. पण घाटात सगळेच लावतात. पाऊण तास लावले.

"काहीतरी जळतंय," बायको म्हणाली.

मी पुढे पाहिलं. ट्रक नव्हता.

साखरप्याला चहाच्या टपरीशेजारी थांबलो. बंपरखाली हात घातला आणि सोनेरी वडीला बोट लागलं. मी ओरडलो ते ऐकून टपरीवाल्याने चहाच्या आधी पाणी आणून दिलं. पट्टी वितळली होती, बंपरला आतून उंबराएवढं भोक पडलं होतं. शेजारच्या गॅरेजमधल्या पोऱ्याने टॉर्च मारून सगळा पसारा पाहिला आणि कोकणी माणसाच्या तटस्थपणाने म्हणाला, "ह्या काढून टाकूया. जुने बल्ब हायत काय?"

जुने बल्ब कुठले असणार? बायकोने पर्स उघडली. पर्सच्या आतल्या कप्प्यातून रुमालात गुंडाळलेली पुरचुंडी निघाली. त्यात दोन्ही साठ-पंचावन्न. मी ते टेबलावर टाकले होते, तिने "लागेल कधीतरी" म्हणून उचलून ठेवले होते. "काचेला हात लावला नाहीये हं," ती पोऱ्याला म्हणाली. "रुमालानेच धरलेत."

माझ्या बोटाला बर्नॉल लावलेलं होतं, म्हणून पुढे गाडी तिने चालवली. पिवळा, मऊ, मठ्ठ्यासारखा उजेड. काचेवरचा घाम दहा मिनिटांत उडाला.

"दिसतंय की सगळं," ती म्हणाली. "तो कुत्रा बघा कसा बसलाय मोरीवर."

"कुठला कुत्रा?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मग रस्त्याकडे. मग परत माझ्याकडे. रत्नागिरीपर्यंत ती काही बोलली नाही.

दिवाळीनंतर मी डोळ्यांच्या डॉक्टरांच्या खुर्चीत बसलो होतो. त्यांनी यंत्रातून दोन्ही डोळ्यांत झोत टाकला. हॅलोजन असावा, गाल शेकत होता.

"मोतीबिंदू आहे. लेन्स पिवळी पडलीये," ते म्हणाले. "म्हणून स्वतःचे दिवे मंद वाटतात आणि समोरचे डोळ्यांवर येतात."

"घासून मिळेल का?" मी विचारलं.

डॉक्टरांना विनोद कळला नाही. त्यांनी ड्रॉवरमधून एक रंगीत पत्रक काढून पसरलं. एक साधी लेन्स. एक जवळचं-लांबचं दोन्ही दाखवणारी. ती महाग, आणि रात्री दिव्यांभोवती वलयं दिसू शकतात. पत्रकावरचा माणूस डोंगरावर उभा राहून थेट क्षितिजापर्यंत बघत होता. माझा हात आपोआप महागातल्या चित्राकडे गेला.

"डॉक्टर," बायको पलीकडून म्हणाली, "यांना साधीच टाका. साठ-पंचावन्न."

डॉक्टरांनी केसपेपर उचलला आणि वयाचा रकाना पुन्हा एकदा तपासला.